दोन ठोक्यांमधली गोळी

मेहुणीच्या लग्नाचा आहेर म्हणून टॉवेल घ्यायला मी भवानी पेठेत गेलो होतो. बायकोनं बजावून पाठवलं होतं : रंग भडक नको, किनार साधी हवी, आणि दुकानदाराशी गप्पा मारत बसायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या.

दुकान नवं होतं, इतकं की जागा ओळखू आली नाही. काचेचं दार, पांढरेशुभ्र दिवे, छतापर्यंत रचलेल्या टॉवेलांच्या चवडी. मी एक टॉवेल उचलला आणि आपल्याला त्यातलं फार कळतं असा चेहरा करून त्याचा पोत चाचपू लागलो. गल्ल्यामागचा माणूस चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता. म्हणजे माझ्या तोंडाकडे नव्हे. हाताकडे.

"मूठ आवळू नको बे," तो म्हणाला. "नुसतं बोट फिरव."

हे वाक्य मला साऱ्या जगात एकाच माणसानं ऐकवलं होतं. टॉवेल हातातून गळून पडला. बायको असती तर म्हणाली असती, गळून कसला पडतोय, तुम्ही टाकलात. पण ती नव्हती, म्हणून गळून पडला असंच मी धरून चालतो.

"अंबादास?"

"मग कोण? आहेरातला पाहिजे का वापरायचा?"

"काय?"

"टॉवेल बे. आहेरातला वेगळा असतो. वापरायचा वेगळा."

जुना मित्र वीसेक वर्षांनी भेटला की माणसाचा गळा दाटून येतो, डोळ्यांत पाणी येतं, असं ऐकून आहे. मला आधी दिसले ते अंबादासचे केस. सगळेच्या सगळे जागेवर होते. मग दिसलं त्याचं पोट, जे जवळजवळ नव्हतं. मग दुकान. आणि माझ्या छातीत डाव्या बाजूला ती ओळखीची कळ उठली, गोड, ताजी, जणू मधे एकही दिवस गेला नव्हता. डॉक्टरला दाखवण्यासारखी नव्हे. तिला साध्या मराठीत हेवा म्हणतात. काही माणसांचं पहिलं प्रेम जन्मभर पुरतं. माझा पहिला हेवा मला पुरून उरलाय.

"वर येतोस?" त्यानं विचारलं.

"वर काय आहे आता?"

"गोदाम. आणि पोरीचा कॉम्प्युटर."

जिना तोच होता. लोखंडी, अरुंद, कठड्याला हात लावला की तळव्याला गंजाचा वास लागणारा. अंबादासच्या मागून मी चढू लागलो आणि एक पाय ठेवतो न ठेवतो तोच माझ्या टाचेला काहीतरी चुकल्यासारखं झालं. जिना हलत नव्हता.

तेव्हा तो सतत हलायचा. आज जिथं टॉवेल विकतात तिथं तेव्हा टॉवेल विणायचे. खाली अंबादासच्या वडलांचा लूमचा कारखाना, वर भाड्यानं दिलेली खोली, आणि त्या खोलीत रफीकभाईचं सायबर कॅफे. खालून ओल्या सुताचा, खळीचा आणि मशीनच्या तेलाचा वास जिन्यानं वर यायचा. वरून रफीकभाईच्या अत्तराचा वास खाली जायला निघायचा. दोघांची गाठ मधल्या वळणावर पडायची. त्या वळणावर मी रोज क्षणभर थांबायचो. दम लागायचा म्हणून नव्हे. वर अंबादास आधीच येऊन बसलाय की नाही, हे कानोसा घेऊन ठरवायला. तो नेहमीच येऊन बसलेला असायचा. खालीच तर राहत होता. मला रेल्वे लाइन्समधून सायकल मारत यावं लागे, उन्हात, टोपी न घालता, कारण टोपीनं केस चपटे होतात. त्या काळी मला केस होते.

सोलापूरचं ऊन मी पुन्हा सांगत बसत नाही. त्या खोलीला वर पत्रा होता, एवढं सांगितलं की पुरे. एप्रिलमध्ये पत्रा तडतडायचा, मॉनिटरच्या मागची धूळ तापून तिचा भाजल्यासारखा वास यायचा, आणि कूलरमधलं पाणी अंगावर उडालं की आम्ही देवळात तीर्थ घ्यावं तसं ते चेहऱ्याला फासायचो. बाकीचे लोक तिथं निकाल बघायला यायचे, नोकरीचे अर्ज भरायला यायचे, दुबईच्या काकांना फोटो पाठवायला यायचे. आम्ही एकमेकांना गोळ्या घालायला यायचो.

खेळ सरळ होता. पडद्यावर आपल्या हातात बंदूक, समोर वाळवंटातलं गाव, मातीच्या भिंती, लाकडी दारं. पडद्याच्या मधोमध एक बारीक हिरवी फुली. ती फुली दुसऱ्याच्या डोक्यावर न्यायची आणि बोट दाबायचं. बस. यात एवढं काय आहे, असं माझी आई विचारायची. आईला काय सांगणार? सुईत दोरा ओवण्यात तरी काय असतं? पण सुई पळत असेल, आणि दुसरा कुणी तुमच्याच डोळ्यात दोरा ओवायला टपून बसला असेल, तर?

आधी माउसची पूजा करावी लागे. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबराची गोळी असायची आणि तिच्या अंगाला घासून फिरणारे दोन बारीक रूळ. खालून कापसाचे तंतू उडत वर यायचे, डोळ्यांत, चहात, रफीकभाईच्या दाढीत, आणि सगळ्यात जास्त त्या माउसच्या पोटात. रुळांवर त्यांची काळी पट्टी बसे. मग फुली चालता चालता अडखळायची, म्हाताऱ्यानं उंबऱ्याला अडखळावं तशी. म्हणून बसल्या बसल्या माउस उलटा करायचा, झाकण फिरवायचं, गोळी तळहातावर घ्यायची, नखानं रूळ खरवडायचे आणि गोळी शर्टाला पुसायची. माझ्या सगळ्या शर्टांवर पोटाशी गोल काळे डाग असत. आई म्हणायची, "अरे, कॉलेजात जातोस की गॅरेजमध्ये?"

अंबादासला माउस खरवडावा लागत नसे. त्याच्याकडे गादी होती. म्हणजे माउसखाली घ्यायची पट्टी. कारखान्यातल्या जेकार्ड चादरीचा एक तुकडा त्यानं पुठ्ठ्यावर ताणून शिवला होता. तिच्यावर गोळी अशी फिरायची की जणू तेल लावलंय, आणि तंतू चादरीलाच चिकटून राहायचे. मी पुण्याहून मागवलेली पट्टी वापरायचो. तिच्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं आणि माउस खरोखर बर्फावरून घसरावा तसा घसरायचा. त्या चादरीच्या तुकड्याचा मला इतका हेवा वाटे की घरी झोपताना मी अंगावरची चादर बोटांनी चाचपून बघायचो. हिच्यातून केवढ्या गाद्या निघतील याचा अंदाज घ्यायचो.

पण चादरीनं काय होतं? मी एकदा मागून बघितली. त्यानं लगेच दिली. हीच तर त्याची वाईट खोड. मागितलं की द्यायचा. मी त्याच्या चादरीवर खेळलो, तो माझ्या बर्फावर, आणि त्यानं मला पहिल्याच दारात मारलं.

"तू मागं पळूलालास बे," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"माझ्या. मी दिसलो की फुली घेऊन मागं पळतोस. मी काय कोंबडी हाय का? मी कुठनं येणार? दारातनंच येणार की. तू दारात थांब. डोक्याएवढी फुली धरून गप थांब. मला चालत येऊ दे तुझ्या फुलीत."

ऐकायला सोपं वाटलं. करायला गेलो तर दारात थांबता येईना. दार रिकामं दिसलं की माझा हात वळवळायचा, खिडकीकडे जायचा, छपराकडे जायचा, आणि नेमका तेव्हा अंबादास दारातून यायचा. थांबणं हा त्याचा स्वभाव होता. माझा नव्हता. मी बसच्या रांगेतसुद्धा पुढं-मागं करणारा माणूस.

रफीकभाई गल्ल्यावरून हे सगळं बघायचा. तो मला कधी रागावत नसे. माउसची मात्र काळजी करायचा. "अरे मियाँ, कायकू इत्ता दबारें?" तो ओरडायचा. "चूहा है वो. मरजाता ना!"

दाबण्याचंही खरं होतं. गोळी मारायची वेळ आली की माझी अख्खी मूठ आवळायची, मूठ आवळली की माउस केसभर सरकायचा, आणि केसभर सरकला की गोळी अंबादासच्या कानाजवळून भिंतीत. भिंतीतून माती उडायची. ती माती मला अजून दिसते. अंबादासचं बोट तेवढं हलायचं. बाकी हात असा पडलेला असायचा, जसा दुपारी ओट्यावर पडून राहिलेला कुत्रा. आणि वर तो मला शिकवायचा! शत्रूनं निदान विद्या लपवावी, एवढी माणुसकी ठेवायला नको का?

दुपारी त्याची आई खालून हाक मारायची, "अंबादास, दा रा!" ये रे म्हणून. घरात ते तेलुगू बोलत. तो खाली जाऊन कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही घेऊन वर यायचा आणि मधोमध ठेवायचा. सगळे तुटून पडायचे. मीही. भाकरी कडाकडा मोडताना माझ्या मनात यायचं की नेम तिथूनच येत असणार, त्या चटणीतून. घरी आलो की आईला सांगायचो, आज शेंगांची चटणी कर. आई करायची. नेम सुधारायचा नाही. वजन वाढायचं.

खरी गोष्ट मला कळली ती एका लोडशेडिंगच्या दुपारी. वीज गेली. खाली लूम थांबले, वर पडदे काळे झाले, आणि खोलीत अशी शांतता पडली की रफीकभाईच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. सगळे टेबलावर डोकं टेकून वीज यायची वाट बघत पडले. मग वीज आली. आधी खालचे लूम सुरू झाले, आणि टेबलावर टेकलेल्या माझ्या गालाला ठोके लागू लागले.

खालच्या सगळ्या लूमचा मिळून एक गोंगाट असायचा, तो आम्हाला ऐकूही येईनासा झाला होता. पण आमच्या टेबलाच्या बरोबर खाली एक म्हातारा लूम होता. त्याचा ठोका वेगळा होता, जड, खांबातून वर चढणारा. खटाक. खटाक. खटाक. प्रत्येक ठोक्याला टेबल थरथरायचं, टेबलाबरोबर माउस, माउसबरोबर ती हिरवी फुली. एवढीशी, डोळ्याला दिसणारही नाही इतकी. पण डोकंही पडद्यावर एवढंसंच असतं.

मी गाल उचलला आणि अंबादासच्या बोटाकडे बघत बसलो. तो खेळू लागला होता. खटाक, बोट. खटाक, बोट. ठोक्यावर तो कधीच दाबत नव्हता. दोन ठोक्यांच्या मधे, टेबल निवांत होतं त्या पापणी लवण्याएवढ्या फटीत, त्याचं बोट जात होतं आणि परत येत होतं. लहानपणी पाळण्यात असताना ज्या आवाजावर झोपला त्याच आवाजावर तो गोळ्या घालत होता. आणि त्याला ते माहीतच नव्हतं!

"तू ठोक्याच्या मधे मारतोस," मी म्हणालो.

"कसल्या ठोक्याच्या?"

"लूमच्या."

तो थोडा वेळ कान देऊन बसला. "चालू हाय होय लूम?" त्यानं विचारलं.

इथं मला वाटलं होतं की आता गड सर झाला. जे त्याला न कळता येतं ते मी समजून उमजून शिकणार. घरी मी स्वयंपाकाच्या ओट्यावर साबणाची डबी माउस म्हणून धरायचो आणि तोंडानं ठोके धरत माश्यांवर नेम धरायचो. खटाक, माशी. खटाक, माशी. आई पोळ्या लाटता लाटता थांबायची. बाबांना म्हणायची, "अहो, याला जरा दाखवून आणायचं का?" पण सुधारलो हं मी! मूठ सैल झाली. दारात थांबायला शिकलो. हळूहळू कॅफेतले सगळे माझ्या गोळीनं मरू लागले. एक जण सोडून.

तो एक जण मेला नाही. कधी माझी बंदूक रिकामी व्हायची, कधी माउसमध्ये कापूस अडकायचा, कधी मी जिंकायच्या बेतात असताना त्याची आई हाक मारायची आणि तो डाव टाकून दही आणायला जायचा. मला स्वप्नं पडत. त्यांत तो दारात उभा असे, पाठमोरा, निवांत, फुली त्याच्या डोक्यावर, आणि माझं बोट साबणाच्या डबीवर.

मग सात रस्त्याकडे एक नवं कॅफे निघालं, एसी असलेलं. त्यांनी जाहीर केलं की गावातल्या प्रत्येक कॅफेनं आपला एक गडी पाठवावा, एकास एक सामने होतील. एकच गडी. रफीकभाईनं आम्हा दोघांकडे बघितलं. बघायचं कारण नव्हतं, पण तो भला माणूस होता, माझ्याकडेही बघितलं. मग म्हणाला, "अंबादास जाता. तू उसके साथ जा, मियाँ. चादर पकड ले."

मी चादर पकडली. नवऱ्यामागं करवल्यानं कलश धरून जावं तसा तो पुठ्ठा धरून सायकलवर मागं बसलो. वाटेत सिद्धेश्वराच्या देवळाचा कळस दिसला तेव्हा हात जोडले. अंबादासला वाटलं, मी त्याच्यासाठी प्रार्थना करतोय. त्याच्यासाठीच करत होतो. तो हरावा म्हणून मी नारळ कबूल केला.

काचेचं दार आमच्या मागे लागलं आणि बाहेरची रहदारी कुणीतरी कात्रीनं कापून टाकावी तशी तुटली. थंड, निळसर खोली. गालिचा. पावलांचासुद्धा आवाज नाही. टेबलं दगडासारखी स्थिर. समोर बसलेला मुलगा गोरापान, चष्मेवाला, हात पुसायला शेजारी रुमाल घडी करून ठेवलेला. अंबादासनं चादर पसरली, माउस उलटा करून उगाच फुंकर मारली, आणि सुरू झालं.

मी त्याच्या खांद्यामागे उभा होतो. पहिला डाव, दार, फुली डोक्याएवढी, सगळं बरोबर. गोरा मुलगा चालत चालत फुलीत आला. आणि अंबादासचं बोट उचललेलंच राहिलं.

ते कशाची तरी वाट बघत होतं.

गोऱ्यानं गोळी मारली. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यात तेच. फुली जागेवर, माणूस फुलीत, आणि बोट हवेत, नाटकात समोरच्यानं वाक्य विसरावं आणि आपण तोंड उघडं ठेवून उभं राहावं तसं. खोलीभर लोक होते, पण काय घडतंय ते मला एकट्याला कळत होतं. त्याच्या हाताला ठोका हवा होता. त्या दगडी टेबलाला ठोका नव्हता. नेम म्हणून आम्ही वर्षभर जे शिकलो तो एका म्हाताऱ्या लूमचा ठेका होता, आणि तो लूम तिकडे भवानी पेठेत टॉवेल विणत होता.

अंबादास हरला. सिद्धेश्वर लगेच पावला.

आता मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मी सगळी तयारी ठेवली होती आनंदाची. आणि त्या गोऱ्या मुलानं उठून, रुमालाला हात पुसून, अंबादासपुढं हात केला, तेव्हा माझ्या पोटात असा भडका उडाला की एसी कमी पडला. हा कोण? कुठला कोण हा? कुणाच्या परवानगीनं? दुपारच्या दुपारी ओट्यावर माश्या मारल्या मी, शर्ट काळे केले मी, आईला वेड लागायची पाळी आणली मी, आणि अंबादासला हरवतो हा? त्याला हरवण्याचा हक्क माझा होता. सातबाऱ्यावर माझं नाव होतं त्याच्या. नारळ फोडला मी दुसऱ्या दिवशी, कबूल केला होता म्हणून. खोबरं खवट निघालं.

येतानाही पायडल अंबादासनंच मारलं. पार्क चौकाशी भज्यांच्या गाड्यावर थांबलो. त्यानं एक मिरची उचलली, दातानं देठ तोडला, आणि म्हणाला, "लई शांत होतं बे तितं. झोपच आली."

त्यानंतर तो वर यायचा कमी झाला. मग आलाच नाही. तो खाली कारखान्यात असायचा, मी वर, आणि मधे एक फरशी. मी त्याच्या जागेवर बसू लागलो, आणि टेबलाला ठोके लागत राहिले. मग एका उन्हाळ्यात ठोके विरळ झाले. म्हातारा लूम आधी गेला, मग बाकीचे. रफीकभाईनं कॉम्प्युटर विकले. अत्तराचा वास जिन्याच्या वळणावर एकटाच काही दिवस थांबला असेल. मला माहीत नाही, मी तोवर नोकरीला लागलो होतो.

"बस," वर पोचल्यावर अंबादास म्हणाला.

खोलीत टॉवेलांचे गठ्ठे होते, प्लास्टिकमध्ये बांधलेले, आणि खिडकीशी एक टेबल. त्यावर काळा चपटा पडदा, आणि माउस, ज्याच्या पोटात गोळी नव्हती, नुसता उजेड होता. पत्र्याच्या जागी स्लॅब आला होता. कसलाच वास नव्हता. नव्या कापडाचा असेल, पण त्याला मी वास धरत नाही.

"पोरगी पुण्याला शिकते," तो म्हणाला. "सुट्टीत आली की खेळते. तिनं हे घालून ठेवलंय, नेमाचा सराव करायचं. पडद्यावर टिकल्या येतात. फुली नेऊन फोडायच्या. मिनिटभर."

"असं असतं होय?" मी म्हणालो.

आता सांगायला हरकत नाही. हेच माझ्या घरीही आहे. जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी रोज सकाळी, आंघोळीआधी, बनियनवर बसून टिकल्या फोडतो. बायको चहा आपटते आणि म्हणते, "टिकल्या फोडून झाल्या असतील तर दूध आणा." एका पुरुषानं एवढ्या नेमानं हे कशासाठी करावं, असं तिनं मला कितीदा विचारलंय. मी म्हणतो, डॉक्टर म्हणतात बोटांना व्यायाम चांगला. कुठल्या डॉक्टरचं काय नाव सांगणार? मला एका माणसाला हरवायचं होतं, आणि तो भेटत नव्हता, तयारी पुरी होईपर्यंत मी शोधतही नव्हतो, एवढीच गोष्ट होती. मी तयारीत राहिलो होतो.

"तू आधी खेळ," मी म्हणालो. "मला जरा समजू दे."

अंबादास बसला. चष्मा कपाळावर सरकवला, मग खाली ओढला, मग मान मागं टाकून काचेच्या खालच्या भागातून पडदा शोधू लागला. टिकल्या येऊ लागल्या. हात अजून तसाच होता, निवांत, सैल, नुसतं बोट हलणारा. पण टिकली कुठं आहे हे डोळ्यांनी त्याला सांगेपर्यंत ती विझून जायची. तो मागं पळत होता. अंबादास! एक आली की तिच्या मागं, दुसरी आली की तिच्या मागं. मिनिट संपलं. आकडा आला.

"बघ," तो हसत म्हणाला. "म्हातारा झालो की."

मी खुर्चीत बसलो. एकवार वाटलं, हळू खेळावं. पुढच्याच क्षणी वाटलं, का म्हणून? त्यानं कधी हळू खेळून दिलं होतं का मला? मी मनगट टेकलं, खांदे सोडले आणि सुरुवात केली. माझ्या घरात शांतताच असते, बायको बोलत नसेल तेव्हा. माझं बोट कशासाठीही थांबत नाही. टिकली, फट. टिकली, फट. डावीकडे, वर, खाली, कोपऱ्यात. त्या मिनिटात मी जन्मात पहिल्यांदा देखणा होतो. आकडा आला. दुपटीहून जास्त.

मी हात मांडीवर ठेवले आणि वाट बघू लागलो. चेहरा विनम्र ठेवला होता. या चेहऱ्याचीही तालीम झालेली होती.

अंबादासनं पडदा बघितला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, घालून पुन्हा बघितला.

"हे तू केलंस?"

"हं."

"आताच्या आता?"

"हं."

"दुप्पट बे!" त्यानं माझ्या पाठीत असा धपका घातला की माझा दात ओठात रुतला. "अरे, मला मारलंस तू! रफीकभाई असायला पाहिजे होते रे! घे, ये, गळ्याला लाग. मारलं बे यानं मला! सपाट केलं!" आणि तो गठ्ठ्यांच्या मधून नाचला. खरंच नाचला, भर दुपारी, चाळिशी उलटलेला माणूस, टॉवेलचा एक गठ्ठा उराशी धरून.

खाली काचेच्या दाराची घंटी वाजली. "गिऱ्हाईक आलं," तो म्हणाला. "बस तू. चहा पाठवतो." आणि दोन दोन पायऱ्या गाळत उतरून गेला.

मी एकटा राहिलो. पडद्यावर माझा आकडा होता. बघायला कुणी नव्हतं. मी आनंद यायची वाट बघितली. तो येत असावा, जवळपास आलाही असावा, पण अंबादासच्या मागून खाली गेला. कारण खालून हसण्याचा आवाज आला. मग अंबादासचा. मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेलो.

तो सांगत होता. अक्कलकोटहून लग्नाच्या खरेदीला आलेली बायामाणसं होती, बोलण्यावरून कळत होतं, निम्मं मराठी, निम्मं कानडी. त्यांना अंबादास माझी गोष्ट सांगत होता. खालचे लूम, वरचा पत्रा, रफीकभाईची दाढी, तिच्यात उडणारा कापूस. माझ्या शर्टावरचे काळे डागसुद्धा त्याला आठवत होते. मला आठवत होतं त्याहून जास्त त्याला आठवत होतं. "हा माणूस," तो म्हणत होता, "रेल्वे लाइन्सपासनं उन्हात सायकल मारत यायचा, मला मारायला! रोज! मी घाबरायचो बघा याला. आज ना उद्या हा मला मारणार, हे मला ठाऊक होतं."

खोटं! तो कधी घाबरला होता? पण काय सांगत होता! चार पायऱ्या उतरून मी मधल्या वळणावर आलो. बेत असा होता की खाली जायचं, विनम्र चेहरा करायचा आणि म्हणायचं, थांब, पुढचं मी सांगतो. माझी गोष्ट, माझा विजय. गप्पांत माझा हात कोण धरणार? ऑफिसात लोक डबा घेऊन माझ्या टेबलाशी येतात.

पण तो तोवर वर आला होता, म्हणजे गोष्टीत. मला खुर्चीत बसवलं होतं त्यानं. माझे खांदे, माझं मनगट, माझं बोट. एकेक टिकली तो तोंडानं फोडत होता आणि बाया "अगं बाई" म्हणत होत्या. कुणी टॉवेलला हात लावत नव्हतं. मग ऐन जागी तो थांबला. एकदम.

मी जिन्यातच खाली बसलो. निकाल मला माहीत होता, मीच लावला होता. तरी कान टवकारले.

"मग?" खालून एक बाई म्हणाली. "कोण जिंकलं री?"

आणि तो लबाड काही लगेच सांगेना.